तांबड्या केळीच्या नावाखाली शोभेची रोपं: 10,850 रुपये गेले आणि केळीचं जुनं बेटही गेलं

टेम्पोतून रोपं आणणारे, मोबाइलवर भरलेल्या लोंगराचे, म्हणजे केळीच्या घडाचे, फोटो दाखवणारे आणि 'आजच बुकिंग केलंत तर भाव कमी' म्हणणारे लोक कोकणात वाडीवाडीतून फिरतायत. त्यांची पद्धत नव्याने सांगायला नको, आंबा-काजूच्या कलमांत ती सगळ्यांनी पाहिली आहे. केळीतली फसवणूक मात्र जास्त घातक आहे. खाण्याची केळ आणि शोभेची केळ पिशवीत असताना सहज ओळखू येत नाहीत. खरं काय ते लोंगर पडल्यावर कळतं, आणि तोवर विकणाऱ्याचा नंबर बंद झालेला असतो.

रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यालगतच्या आमच्या वाडीने मिळून खरेदी केली. तांबड्या केळीची 24 रोपं, 220 रुपये दराने 5,280. राजेळीची 10, 140 दराने 1,400. 'निळ्या केळी'ची 6, 450 दराने 2,700. गाडीभाडं 600. 'मुळं सुटण्याचं औषध' म्हणून तीन बाटल्या, 290 ला एक, म्हणजे 870. एकूण 10,850 रुपये. त्यातले 5,000 आगाऊ मोबाइलवरून दिले, उरलेले 5,850 माल उतरल्यावर रोख.

हातात काय पडलं ते सांगतो. तांबड्या केळीची सगळी 24 रोपं शोभेची निघाली, पानांवर मरून पट्टे असणाऱ्या, नर्सरीत 'झेब्रिना' नावाने मिळणाऱ्या जातीची. राजेळी म्हणून दिलेली दहाच्या दहा जी नाइन, म्हणजे बाजारात सगळीकडे मिळणारं हिरव्या सालीचं केळं. त्याचं टिश्यूकल्चरचं, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेलं, रोप घाऊकात पंधरा-वीस रुपयांच्या आसपास पडतं, आम्ही 140 मोजले. आणि 450 रुपयांची निळी केळ म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यात आपोआप उगवणारी रानकेळ, काही भागात जिला चवई म्हणतात ती. घाटातून येताजाता दिसणारं झाड परदेशी नाव लावून आमच्याच गळ्यात मारलं. याचा संताप अजून उतरलेला नाही.

'तुम्ही कोकणातले, तुम्हाला केळ ओळखता येत नाही?' असं पुष्कळांनी तोंडावर विचारलं. त्यांना उत्तर देणं भाग आहे. आमच्याकडे केळ लागते ती मुनव्यावरून, म्हणजे जुन्या झाडाच्या बुंध्याशी फुटलेल्या पिलावरून. शेजारच्या बेटातला मुनवा आणायचा, न्हाणीच्या पाण्यावर लावायचा. मुनवा आणला की आईझाड डोळ्यांसमोर असतं, त्यामुळे जातीबद्दल शंका घ्यायला जागाच नसते. प्रयोगशाळेतून आलेलं वीतभर रोप ही वेगळीच वस्तू आहे. विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक होतं. तांबडी केळ आमच्या भागात क्वचितच दिसते, म्हणून त्याने नेमकी तीच पुढे केली. जिथे तुलना करायला झाड नाही, तिथेच खोटा माल खपतो.

रोपं उतरवतानाच पानांवरचे लालसर डाग दिसले होते आणि विचारलंही होतं. उत्तर आलं, 'टिश्यूच्या रोपाला लहानपणी डाग असतातच, मोठं झालं की जातात.' हे उत्तर खोटं नाही, म्हणूनच ते घातक आहे. जी नाइन आणि बसराई या केळीच्या जातींच्या टिश्यूकल्चर रोपांच्या कोवळ्या पानांवर तपकिरी-लाल डाग खरोखरच असतात. रोप जमिनीत रुळलं की काही महिन्यांत नवी पानं स्वच्छ हिरवी येऊ लागतात. शोभेच्या झेब्रिनाचे पट्टे मात्र जन्मभर राहतात. पिशवीतल्या रोपावरून हा फरक भल्याभल्यांना सांगता येणार नाही. लागवडीनंतर नव्याने सुटणाऱ्या पानांवरून तो सांगता येतो, आणि नेमकं तिथेच थांबायला हवं होतं.

जूनमध्ये एकाच दिवशी सगळी रोपं लागली. गणपतीत नैवेद्याला पानं काढताना दिसलं की राजेळी म्हणून लावलेल्यांची नवी पानं साफ हिरवी झालीत, आणि बाजूच्या तांबड्या केळीची नवी पानं पहिल्यासारखीच पट्टेदार आहेत. एकाच मातीत, एकाच पाण्यावर. त्या एका नजरेत दोन फसवणुकी समोर होत्या. ज्यांचे डाग गेले ती राजेळी नव्हती, आणि ज्यांचे गेले नाहीत ती खायची केळ नव्हती. तेव्हा त्याचा फोन लागत होता. फोनवर तो म्हणाला, 'तांबड्या केळीचा रंगच तसा, खोड तांबडं तर पान तांबडं.' ऐकणाऱ्याला पटावं असंच हे बोलणं आहे. खरी तांबडी केळ पाहिलेली असती तर त्याच क्षणी उघडं पडलं असतं, कारण तिचं खोड, पानाचा देठ आणि मधली शीर तांबूस-जांभळट असते, पण वाढलेल्या झाडाच्या पानावर पट्टे नसतात. पान हिरवंच असतं. हे एक वाक्य पाठ करून ठेवा. ते माहीत असतं तर आमचे निदान 5,280 रुपये वादात तरी आले असते.

दुसरी खूण खोडाची. तांबडी केळ उंच आणि दणकट वाढते, लोंगर काढायला दीड वर्षाच्या आसपास लागतं. आमची झाडं किरकोळ खोडाची राहिली आणि वर्षाच्या आतच केळफूल काढून बसली. ज्या झाडाने उशीर लावायचा त्याने घाई केली, तर आनंद करू नका. लोंगर आलं ते तोकडं, फळं जेमतेम बोटभर, आत गर नावापुरता आणि काळ्या टणक बिया ठासून भरलेल्या.

बियांचंच बोलायचं तर खाण्याच्या केळीत बी धरत नाही. बहुतेक जातींत गुणसूत्रांचे तीन संच असल्याने बी तयारच होत नाही, फळ बीजधारणेवाचून भरतं. म्हणून खाण्याच्या केळीची लागवड मुनव्याने, कंदाने किंवा टिश्यूकल्चरनेच होते. 'निळ्या केळीचं बी', 'आइस्क्रीम केळीचं बी' अशी पाकिटं मोबाइलवर विकायला असतात, ती सरळ लबाडी आहे. निळी केळ म्हणतात ती ब्लू जावा नावाची जात खरी आहे, पण तिचं कच्चं फळ निळसर-रुपेरी दिसतं आणि पिकल्यावर पिवळं होतं. आतला गर निळा दाखवणारा फोटो बनावट समजा.

रानकेळ ओळखणं तर त्याहून सोपं, पण नावाच्या मोहात कोणी बघत नाही. तिचा बुंधा तळाशी फुगीर असतो, पानाचा देठ फार आखूड, आणि मुनवा कधीच फुटत नाही. ती बियांपासून येते, काही वर्षांनी एकदाच फुलते आणि मरते. आमच्याकडे पावसाळा सरला तशी सहाही झाडांची पानं वाळली आणि जमिनीवर नुसते गोळे उरले. विकणाऱ्याचं म्हणणं, पाणी कमी पडलं! रानकेळ पावसाळा संपला की पानं टाकतेच, पाण्याचा दोष नाही.

राजेळीचं रोप कोणी पिशवीतून देत असेल तर आधी खोड पाहा. जी नाइन आणि बसराईच्या खोडावर काळपट-तपकिरी चट्टे असतात. राजेळी उंच जाते, फण्या मोजक्या, फळ लांब आणि कोनदार. वसईकडे सुकेळी करतात ती याच केळीची. सगळ्यांत खात्रीचा मार्ग म्हणजे ज्या बेटाचं लोंगर डोळ्यांनी पाहिलं त्या बेटाचा मुनवा. तो तलवारीसारख्या अरुंद पानांचा, दोन-तीन महिन्यांचा, अर्धा ते पाऊण किलो कंदाचा घ्यावा. रुंद पानांचा मुनवा दिसायला मोठा पण कंदाने कमकुवत असतो, फुकट मिळाला तरी नको. दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा, त्यात दहा किलो शेणखत, जांभ्यात पाणी साचणार नाही असा उतार. उंच जातींना सात फूट तरी अंतर हवं. यातलं काहीही विकत घ्यावं लागत नाही. 290 रुपयांच्या बाटलीतलं औषध तर अजिबात नाही. आमच्या बाटल्यांवर ना घटक छापलेले होते ना परवाना क्रमांक.

शोभेच्या केळीशी आमचं वैर नाही. गुलाबी फळांची बुटकी व्हेलुटिना किंवा जांभळट फुलांची ओरनाटा अंगणात देखणी दिसते आणि मोठ्या कुंडीतही जगते. त्यांची फुलं ताठ वर उभी राहतात, खाण्याच्या केळीसारखी लोंबत नाहीत, हीही एक खूण. ज्याला हवी त्याने शोभेची म्हणून, शोभेच्या भावाने घ्यावी. मात्र खात्रीचं रोप नसेल तर जुन्या बेटाजवळ लावू नये. आमचं खरं नुकसान तिथे झालं. आलेल्या रोपांपैकी काहींची शेंड्याची पानं आखूड, ताठ आणि एकात एक गच्च येऊ लागली, देठांवर गडद हिरव्या तुटक रेघा दिसल्या. हा पर्णगुच्छ, म्हणजे बंची टॉप. विषाणूचा रोग, मावा ही कीड तो पसरवते, बरा होत नाही. शेजारच्या जुन्या राजेळीच्या बेटात तो शिरला आणि ते बेट कंदासकट काढावं लागलं. झाड तोडण्याआधी माव्यावर फवारणी करा, नाहीतर तोडताच मावा उडून पुढच्या बेटावर जातो. खोड नुसतं कापून भागत नाही, कंदातून रोगट मुनवे पुन्हा येतात. टिश्यूकल्चरची रोपं विषाणूमुक्त असल्याचं तपासून प्रमाणित करण्याची केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची पद्धत 2006 पासून आहे. प्रमाणित मालासोबत तसं लेबल मिळतं. लेबल नाही तर टिश्यूकल्चर या शब्दाला काडीची किंमत देऊ नका.

आता सरकारी दारांबद्दल. पोलिसांनी अर्ज ठेवून घेतला, गुन्हा नोंदवला नाही. 'हा दिवाणी व्यवहार आहे, रोपं तर मिळाली ना?' खोटं सांगून माल खपवणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये बसणारी फसवणूक आहे असं दाखवलं, तर 'दहा हजारांसाठी परजिल्ह्यात माणूस कोण पाठवणार' हे उत्तर. शेतीच्या कार्यालयात त्याहून कहर. फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी महाराष्ट्रात 1969 पासून कायदा आहे, परवान्याशिवाय फळझाडांची रोपं विकता येत नाहीत. कार्यालयाने आमचं बिल पाहिलं. त्यावर लिहिलेलं, 'केळी व शोभेची रोपे, मिश्र.' लगेच निवाडा: शोभेची रोपं म्हटलंय, म्हणजे फळझाडांचा कायदा लागत नाही. त्या विक्रेत्याने ते शब्द कशासाठी घातले होते ते तेव्हा उमगलं. ज्यांनी आम्हाला सांभाळायचं त्यांनीच ती पळवाट त्याच्या वतीने वाचून दाखवली! रोपांची जात प्रमाणित करून द्या म्हटलं, तर 'फळ येईपर्यंत खात्रीने सांगता येत नाही'. फळ आल्यावर गेलो, तर 'इतके दिवस काय करत होतात?' ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदली गेली, पण विकणाऱ्याचा नोंदणीकृत पत्ताच नसल्याने प्रतिसादाअभावी ती बंद केली. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवले. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर पैसे अडवता येण्याची शक्यता असते, पण केळीतली फसवणूक काही तासांत कळत नाही. गरीब माणसाने दहा हजार घालवायचे आणि वर साक्षीपुरावेही त्यानेच गोळा करायचे, तर पगार घेऊन बसलेल्यांचं काम काय?

जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता उघडा आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, तक्रार मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत हवी. केळीने त्यातला बराच काळ खाल्लेला असतो, म्हणून लोंगराची वाट पाहू नका. नव्या पानांवर शंका आली की त्याच आठवड्यात तारखेसह फोटो काढून लेखी नोटीस पाठवा. बिलावर प्रत्येक जातीचं नाव, संख्या आणि 'खाण्याची' हा शब्द लिहून घ्या. लिहायला नकार दिला तर टेम्पो परत पाठवा. परवाना क्रमांकाचा फोटो पैसे देण्याआधी काढा. रोख देऊ नका, आमच्या 5,850 रुपयांचा कुठेच पुरावा नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे किंवा परवानाधारक रोपवाटिकेत स्वतः जाऊन मातृवृक्ष पाहा. फोनवरचं आश्वासन संदेशात लिहून मागा.

हाच पट्टेदार पानांचा माल सध्या 'जांभळी वेलची' म्हणून 260 रुपयांना विकला जातोय, फोटो तेच आहेत. सफेद वेलची आणि लाल वेलची या केळीच्या जाती आपल्याकडे पिकतात. जांभळ्या वेलचीचं लोंगर मात्र आमच्या पंचक्रोशीत कोणी पाहिलेलं नाही.