जेरी यॉर्क की जॅक पार्कर?

बॉस्टनच्या कॉमनवेल्थ अव्हेन्यूवर दोन विद्यापीठं आणि कॉलेज आइस हॉकीचे दोन दिग्गज प्रशिक्षक. बॉस्टन युनिव्हर्सिटीचे जॅक पार्कर 1973 पासून 2013 पर्यंत एकाच बाकामागे उभे राहिले: 897 विजय, 3 राष्ट्रीय विजेतेपदं. शिवाय शहरातल्या चार संघांची बीनपॉट स्पर्धा त्यांनी 21 वेळा जिंकली, हे तर कमालच!

जेरी यॉर्क यांची वाट वेगळी. आधी क्लार्कसन विद्यापीठ, मग ओहायोतलं बोलिंग ग्रीन विद्यापीठ, आणि 1994 मध्ये परत बॉस्टन कॉलेजात, जिथे ते स्वतः शिकले होते. 2022 मध्ये निवृत्त झाले तेव्हा नावावर 1,123 विजय आणि 5 विजेतेपदं होती. त्यातलं 1984 चं बोलिंग ग्रीनचं. अंतिम सामना चौथ्या ओव्हरटाइमपर्यंत चालला होता.

पार्करांचा 2009 चा अंतिम सामना मात्र मी कधीच विसरणार नाही. ओहायोतल्या मायामी विद्यापीठाविरुद्ध 1–3 अशी पिछाडी आणि जेमतेम मिनिटभर उरलेलं. गोलरक्षक बाहेर, त्याच्या जागी जादा आक्रमक. शेवटच्या मिनिटात दोन गोल, आणि ओव्हरटाइममध्ये विजय. इतकी थंड डोक्याची माणसं विरळाच.

तरी माझं मत यॉर्क यांनाच. घरच्या मैदानावर मोठं होणं एक. दोन वेगवेगळ्या कॉलेजांना विजेतेपद मिळवून देणं फार अवघड. एकनिष्ठा हाच निकष लावणाऱ्यांनी खुशाल पार्करांना निवडावं, त्यांच्याशी माझं भांडण नाही.