शामरावनगरचं रो-हाऊस की विजयनगरचा फ्लॅट?

सांगलीत एजंटला ‘पुराचं पाणी आलं होतं का?’ असं विचारलं की एकच उत्तर मिळतं: ‘रस्त्यावर आलेलं, घरात नाही.’ शामरावनगरात हे उत्तर आम्ही चौघांकडून ऐकलं. चौथ्या घरात सगळे स्विचबोर्ड माझ्या कपाळाच्या उंचीला होते. फ्रिजचा प्लग लावायला स्टूल लागत होतं. मी काही बोलले नाही, नवऱ्याकडे नुसतं बघितलं.

आठ महिने दर रविवारी स्कूटरवरून फिरून शेवटी दोनच पर्याय उरले. शामरावनगरात दीड गुंठ्यावरचं रो-हाऊस, खाली-वर मिळून चार खोल्या, पुढं जास्वंदीपुरती जागा. आणि विजयनगरात दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके, इमारत बारा वर्षांची. दोन्हीची किंमत जवळपास सारखीच. तुम्हीही अशाच पेचात असाल तर आमची वही उघडून ठेवते.

पाणी, नदीचं आणि पावसाचं

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि एजंट त्या मुद्दाम एक करतो.

नदीचं, म्हणजे कृष्णेचं, पाणी आयर्विन पुलावर मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या पुढं गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, त्याआधीचा मोठा २००५ चा. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड हे भाग आधी जातात हे सांगलीत शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. शामरावनगरचा नंबर उशिरा लागतो, पण मोठ्या पुरात लागतो. विश्रामबाग-विजयनगर चढावर आहे. त्या दिवसांत अर्धी सांगली तिकडच्या नातेवाइकांकडं पिशव्या घेऊन गेली होती.

पाटबंधारे खात्यानं पूररेषा आखलेल्या असतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटी. सोळा वर्षांत तीन मोठे पूर बघितलेल्या गावात ‘१०० वर्षांतून एकदा’ वाचून हसू येतं, पण प्लॉट कुठल्या रेषेत आहे हे महापालिकेच्या नगररचना विभागात विचारल्याशिवाय विसार देऊ नका.

आता पावसाचं पाणी. शामरावनगरचं खरं दुखणं हे आहे. भाग सखल, माती काळी, आणि पाणी वाहून जायच्या जुन्या वाटांवर घरं उठलेली. नदी ३० फुटांवर असतानासुद्धा एखाद्या जोरदार वळवाच्या पावसानं आतल्या गल्ल्या भरतात. आम्ही मुद्दाम पाऊस उघडल्यावर दोन तासांनी गेलो. शंभरफुटी रस्ता कोरडा होता, आत वळलो तर स्कूटरचं पुढचं चाक चिखलात रुतलं. शेजारच्या काकूंनी खराट्यानं फाटकापुढचं पाणी ढकलत विचारलं, ‘घर बघायला आलाय व्हय? बरं केलं, आज आलाय ते.’ त्यांच्या फाटकाच्या खांबावर ऑइलपेंटनं दोन आडव्या रेघा मारलेल्या होत्या. वरची २०१९ ची, माझ्या खांद्याला लागणारी. त्या दोन रेघांनी मला एजंटच्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त सांगितलं.

विजयनगरात पुराची भीती नाही, पण पाण्याची दुसरी बाजू आहे. त्या इमारतीला महापालिकेचं कनेक्शन होतं, तरी उन्हाळ्यात बोअर आटतं आणि टँकर मागवावा लागतो, हे वॉचमननं सांगितलं. मालकांनी सांगितलं नव्हतं. मेंटेनन्सच्या वहीत एप्रिल-मेचा खर्च बघा, टँकर तिथं सापडतो.

जमीन आणि पाया

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. हलक्या पायावरचं घर तिच्याबरोबर वर-खाली होतं आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा निघतात. रो-हाऊसमध्ये अशा दोन भेगा होत्या. त्या पुट्टीनं भरून वर ताजा रंग मारला होता. नवा रंग एकाच भिंतीला असेल तर त्या भिंतीवर बोट फिरवा. पाया मुरूम लागेपर्यंत नेलाय का, हे बांधणाऱ्या मिस्त्रीला गाठून विचारा. मिस्त्री सहसा खोटं बोलत नाही, कारण त्याला काही विकायचं नसतं. जोतं रस्त्यापेक्षा किती वर आहे तेही बघा. महापालिका रस्त्यावर थर चढवत राहते आणि दहा वर्षांत घर खड्ड्यात जातं.

विजयनगरच्या इमारतीत गच्चीवर जाऊन आलो. टाकीखालच्या स्लॅबला ओल होती, बाकी ठीक.

कागद

इथं दोन्हींचं गणित पूर्ण उलटं आहे.

शामरावनगरचा बराच भाग गुंठेवारीचा. शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यानं तुकडे विकले गेले, एनए (बिगरशेती परवानगी) नाही, मंजूर लेआउट नाही. अशी घरं कायद्यात बसवण्यासाठी २००१ चा गुंठेवारी अधिनियम आला आणि २०२१ मधल्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांनाही दार उघडलं. म्हणजे गुंठेवारी म्हटलं की लगेच पळायचं कारण नाही. नियमितीकरणाचं प्रमाणपत्र हातात आहे का, एवढंच विचारायचं. ‘फाइल टाकलीय’ हे उत्तर म्हणजे ‘नाही’. प्रमाणपत्राशिवाय बँक कर्जाला नाक मुरडते, आणि सातबारा सामाईक असेल तर तुमच्या नावाशेजारी वीस अनोळखी नावं येतात. त्यातल्या एकाचं भाऊबंदकीचं भांडण कोर्टात गेलं की तुम्हीही तारखेला.

सातबारा आणि फेरफार ऑनलाइन मिळतात. तेवढ्यावर थांबू नका, वकिलाकडून मालकीच्या नोंदींचा ३० वर्षांचा सर्च काढा आणि नगररचनाकडून झोन दाखला व भाग नकाशा घ्या. आमच्या रो-हाऊसच्या मागची बाजू नकाशात ‘रस्ता’ होती. जागेवर तिथं स्वयंपाकघराचा ओटा होता.

विजयनगरच्या फ्लॅटचे कागद सरळ: एनए आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, खरेदीखताची साखळी. अडचण एकच. सोसायटी नोंदलेली, पण जमिनीचं अभिहस्तांतरण झालेलं नाही, जमीन अजून बिल्डरच्याच नावावर. सांगलीत हे सर्रास आहे आणि मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरनं टाळलं तरी सरकारी अधिकाऱ्याकडून जमीन सोसायटीच्या नावावर करून घ्यायचा, रस्ता आहे, पण तो तुम्हाला चालायचाय हे धरून किंमत बोला.

नवी स्कीम बघत असाल तर महारेराचा (बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा) नंबर मागा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरच्या आणि आठपेक्षा जास्त घरांच्या प्रकल्पाला नोंदणी सक्तीची आहे. नोंदलेला करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागता येत नाही. आम्हाला एकानं २५ टक्के मागितले, ‘आपल्यात कशाला कागद’ म्हणत.

रोजचं जगणं

इथं माझा कल लपवत नाही. विजयनगरातून विलिंग्डन आणि वालचंद कॉलेज जवळ, कलेक्टर ऑफिस आणि कोर्ट तिथंच, मिरजेची हॉस्पिटलं रिक्षाच्या अंतरावर. सासूबाईंचे गुडघे धरले तर हे शेवटचं वाक्यच पुरेसं आहे. पण लिफ्टला जनरेटर नव्हता, आणि दुसरा मजला त्याच गुडघ्यांना रोज विचारणार.

शामरावनगरात माणसं आहेत. काकूंनी पाच मिनिटांत चहा दिला, कोणाचं घर भाड्यानं आहे, कोणाचं विकायला आहे ते सांगितलं. विजयनगरच्या जिन्यात अर्ध्या तासात दोन दारं उघडली आणि मिटली. ज्याला दाराबाहेर खुर्ची टाकून बसायची सवय आहे त्याला हे जड जातं, आणि माझ्या सासऱ्यांना ती सवय पन्नास वर्षांची आहे. कुठल्याही भागाची खरी माहिती हवी असेल तर इस्त्रीवाल्याशी बोला. कुठले फ्लॅट महिनोन्महिने रिकामे, कुठल्या मजल्यावरचा भाडेकरू सहा महिन्यांत पळाला, सगळं त्याच्याकडं.

कुपवाडकडंही एक चांगलं घर मिळत होतं. एमआयडीसीच्या ट्रकांची ये-जा बघून संध्याकाळीच परत फिरलो.

मग काय घ्यावं

जमीन आपली हवी, वर मजला चढवायचाय, गुंठेवारीचं प्रमाणपत्र हातात आहे आणि खालच्या मजल्यावर गाडीशिवाय काही ठेवायचं नाही, एवढी तयारी असेल तर शामरावनगरात त्याच पैशात जास्त घर मिळतं. चारपैकी एक जरी गोष्ट नसेल तर घेऊ नका. घरात म्हातारी माणसं आहेत, कर्ज काढायचंय, ऑगस्टमध्ये रात्री उठून मोबाइलवर आयर्विनची पातळी बघायची नाही, तर विजयनगर. खोल्या लहान पडतील, त्या पडू द्या.

आम्ही फ्लॅट घेतला, माझ्या नावावर, कारण बाईच्या नावावर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. सासरे आता रोज संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये खुर्ची टाकतात. रो-हाऊसला दिलेला विसार मागायला मात्र मी सात वेळा गेले, आणि सातव्या वेळी तो मालक म्हणाला, ‘पाणी घरात आलंच नव्हतं, ताई.’