भाड्यानं आणलेला फाउलर बेड: घ्या, पण दोन हँडलवालाच घ्या

पाचपैकी साडेतीन स्टार. दीड स्टार कुठं गेले ते पुढं सांगतो, आधी हा बेड (दवाखान्यातला, हँडल फिरवून पाठ उचलता येते तो) कायले लागला ते ऐका.

आमचं गाव आर्वी तालुक्यात. बाबाचं वय ६४. गुडघे दुखतात म्हणून दोन वर्षं मेडिकलवाल्याला विचारून दुखण्याच्या गोळ्या खाणं चालू होतं, त्याही बऱ्याचदा उपाशीपोटी, वरून बिडी, आणि नोव्हेंबरात ऐन वेचणीच्या दिवसात एका पहाटे पोट लाकडासारखं कडक. अल्सर फुटला होता. वर्ध्याला नेलं, त्याच दिवशी पोट उघडलं, छातीच्या हाडाखालून बेंबीच्या खालीपर्यंत उभे टाके. नवव्या दिवशी सुट्टी झाली.

वार्डात एक फिजिओथेरपीवाली मॅडम रोज सकाळी यायची आणि बाबाच्या मागं लागायची, बसा काका, खोका काका, दम भरा काका. मला वाटे ऑपरेशन पोटाचं झालं तं ही छातीच्या मागं काऊन लागली. एक दिवस विचारलंच. तिनं समजावलं ते असं, की छाती आणि पोटाच्या मधात जो पडदा असते, डायफ्रॅम म्हणतात त्याला, तोच खाली सरकला की श्वास आत येते. माणूस आडवा झाला की पोटातलं सगळं सामान त्या पडद्याले वर ढकलते. धडधाकट माणसाचं पाहिलं तं उभं असताना श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात तीनेक लिटर हवा उरलेली असते, आडवं झालं की त्यातली अर्धा ते एक लिटर कमी. आता त्यात टाके बेंबीच्या वर, पडदा आधीच सुस्त पडलेला, दुखते म्हणून पेशंट वरच्यावर श्वास घेते आणि खोकला गिळून टाकते, मग फुफ्फुसाच्या खालच्या भागातल्या बारीक पिशव्या चिकटतात, कफ साचते आणि निमोनियाची तयारी. वरच्या पोटाच्या ऑपरेशननंतर पहिल्या एकदोन दिवसात पूर्ण दम भरून सोडायची ताकद निम्म्यावर येते म्हणे, मग हप्ता-दोन हप्ते लागतात परत यायला. बिडीवाल्याले धोका जास्त. हे ऐकून बाबानं भिंतीकडं तोंड केलं.

त्या वार्डातल्या बेडचं हँडल तुटलेलं होतं, फिरतच नव्हतं. मग मावशीनं एक खुर्ची आणली, गादीखाली उलटी टाकली, तिच्या पाठीचा झाला उतार आणि त्यावर बाबाले टेकवलं. चार दिवस त्या खुर्चीवर निघाले, आणि खरं सांगतो, वाईट नव्हतं.

पण घरी आहे बाज. निवारीची, मधात झोळी झालेली, माणूस तिच्यात पडला की गुडघे आणि हनुवटी एकमेकाला भेटायला येतात. मॅडमला फोटो दाखवला तं म्हणाली ही नको, हिच्यात पोट दुमडते आणि पडद्याले जागाच राहत नाही. म्हणून बेड भाड्यानं. दुकान वर्ध्यातलंच, नाव लिहीत नाही. भाडं महिन्याचं २५०० रुपये, डिपॉझिट ५०००, छोटा हत्तीचे ७०० वेगळे. एक हँडलवाला म्हणजे सेमी फाउलर, त्याची फक्त पाठ उचलते. दोन हँडलवाला फुल फाउलर, त्याचे गुडघेही उचलतात. दुकानदार एकवाला देत होता, "काम तेच आहे भाऊ, कायले ५०० जास्त देता". मी त्याचं ऐकणारच होतो, पण माझी बहीण सोबत होती, तिनं दोनवाल्याचाच हट्ट धरला, आणि ५०० जास्त देऊन तोच आणला.

बहीण बरोबर होती हे दुसऱ्या दिवशी कळलं. पाठ ४५ अंशावर केली (मोबाईलमध्ये कोन मोजायचं ॲप आहे, पाठीच्या फळीवर मोबाईल ठेवायचा, ३० ते ४५ च्या मधात ठेवा म्हणून सांगितलं होतं), गुडघ्याचं हँडल फिरवायचं राहून गेलं, आणि मी वावरात गेलो. दोन तासांनी येऊन पाहतो तं बाबा दोन वीत खाली घसरलेला. बेडची फळी जिथं दुमडते तिथं कंबर नव्हती, छाती होती. पोटाची घडी झालेली, हनुवटी छातीले लागलेली. दिसायला बसलेला, पण आडव्यापेक्षा बेकार हालत. कोरोनाच्या वेळचं ऑक्सिमीटर घरात होतं ते लावलं, ९१. थंडीत बोटं गार असली की ते यंत्र काहीही दाखवते म्हणून बोट चोळून परत लावलं, तरी ९१. मॅडमनं सांगून ठेवलं होतं की ९२ च्या खाली टिकलं, ताप आला किंवा दम लागला तं वाट पाहू नका, फोन करा. मी आणि मायनं खालची चादर दोन्हीकडून धरून त्याले वर सरकवलं (काखेत हात घालून ओढू नका, टाक्यावर ताण येते), कंबर बरोबर जोडावर आणली, गुडघे थोडे उचलले, उशी पोटाशी दाबून चारदा खोकायला लावलं. दहा मिनिटात ९५.

त्या दिवशी मी बेडच्या दांडीवर, जिथं फळी दुमडते तिथं, लाल इन्सुलेशन टेप गुंडाळला. कंबर टेपच्या खाली गेली की वर ओढायचं. मायले वाचता येत नाही पण लाल टेप दिसते, दिवसातून आठ-दहा वेळा ती पाहायची. बेडमधल्या सगळ्या सोयींपेक्षा हा पाच रुपयांचा टेप मला जास्त कामाचा वाटला.

गुडघेही दिवसभर वर ठेवायचे नसतात बरं का, पायात रक्त साचते, मधेमधे सपाट करून पंजे वरखाली हलवायचे. आणि माकडहाडापाशी चामडी लाल होते का ते रोज पाहा, टेकून बसलेल्या माणसाचा सगळा भार तिथंच येते. आमच्याकडं चौथ्या दिवशी लाल दिसली, मग दर दोन तासांनी कुशीवर.

फाउलर हे एका अमेरिकन सर्जनचं नाव निघालं. १९०० च्या आसपास तो पोटात पू झालेल्या पेशंटची डोक्याकडची बाजू उंच ठेवायचा, पू खाली ओटीपोटाकडं उतरावा म्हणून. श्वासाचा फायदा तं पुढं सापडलेला दिसते. मी बाबाले सांगितलं तं म्हणे, "मंग त्यालेच झोपव याच्यावर, मले बाजीवर टाक."

मोटरवाला बेडही दुकानात होता, भाडं दुपटीहून जास्त. खेड्यात घेऊ नका. आमच्याकडं लाइन कधी जाईन सांगता येत नाही, आणि रात्री दोन वाजता पेशंट अर्धा वर अडकला तं काय कराल. हँडलले लाइन लागत नाही.

सोबत तीन गोट्यांचा स्पायरोमीटर, म्हणजे दम भरायच्या व्यायामाचा डबा घेतला, २८० रुपये. गोट्यांवर ६००, ९०० आणि १२०० लिहिलेलं असते, म्हणजे सेकंदाले तेवढे मिली हवा ओढली तं ती गोटी वर जाते. फुंकायचं नाही, ओढायचं आहे. हे डब्यावर मराठीत कुठंच लिहिलेलं नाही आणि बाबा पहिले दोन दिवस शंकराच्या देवळात शंख फुंकावा तसा फुंकत होता. जोरात झटका मारून तिन्ही उडवण्यातही अर्थ नाही, सावकाश ओढून एक गोटी तीन सेकंद टिकवली तं जास्त चांगलं. मॅडमनंच सांगितलं की याच्यावर फार भरवसा ठेवू नका, उठून बसणं आणि चालणं याच्यापुढं हे खेळणंच आहे. खेळणं म्हणून मात्र छान, नातू समोर बसला की बाबा शर्यत लावायचा.

खरी कामाची वस्तू ठरली घरातली हातवाली प्लास्टिकची खुर्ची. बेडवर कितीही टेकवा, खुर्चीत पाय खाली सोडून सरळ बसला की बाबाचा श्वास वेगळाच लागायचा, बोलताना वाक्य तुटायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, कोपरावर जोर देऊन उठायचं, पोटावर जोर नाही. सकाळी अंगणात उन्हात अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, मग गोठ्यापर्यंत चक्कर. बाराव्या दिवसापासून दिवसा तो बेडवर राहेनाच.

आता दीड स्टारचं. गुडघ्याचं हँडल गंजलेलं होतं, मोटारसायकलचं ऑइल टाकून मी चालू केलं, नाहीतर ते ५०० वायाच होते. बेड आमच्या दरवाजातून जाईना, डोक्याकडची आणि पायाकडची जाळी काढावी लागली आणि दुकानाचा माणूस पान्हा न घेता आला होता, अर्धा तास गावभर पान्हा शोधला. आणि सगळ्यात राग याचा, की बेड १७ दिवसात परत केला तरी भाडं पूर्ण महिन्याचं, वरून गादीच्या कव्हरवर डाग आहे म्हणून ३०० कापले. डाग आमचा नव्हता, आणला तेव्हाच होता, पण मी फोटो काढला नव्हता. तुम्ही काढा. दुकानातच दोन्ही हँडलं शेवटपर्यंत फिरवून पाहा, दरवाजाची रुंदी मोजून जा (बेड तीन फुटाचा असते), आणि पंधरा दिवसाचं भाडं मिळते का ते आधीच भांडून घ्या, पोटाच्या ऑपरेशनसाठी बहुतेकाले त्याहून जास्त लागत नाही.

बेड गेला त्या रात्री बाबा बाजीवर झोपला. मायनं खाली दोन गोधड्या टाकून झोळी भरून काढली होती.