इन्सुलिन पेन: चार वर्षं सिरिंज, दोन वर्षं पेन वापरल्यावर

मी शिवणकाम करते. तीस वर्षं मशीनवर बसते आहे, सुई रोजच्या हातातली. तरी डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू करायचं म्हटलं तेव्हा पोटात सुई टोचायच्या विचारानं माझे हात कापायला लागले होते. पहिली चार वर्षं मी बाटलीतून सिरिंजनं इन्सुलिन घेतलं. गेली दोन वर्षं पेन वापरते, म्हणजे आकडा लावून बटण दाबलं की सुईतून इन्सुलिन देणारं, पेनासारखं दिसणारं साधन. माझं पेन कार्ट्रिज, म्हणजे इन्सुलिन भरलेली छोटी नळी, बदलून पुन्हा पुन्हा वापरायचं आहे. आत 3 मिलिलीटरचं, म्हणजे 300 युनिटचं कार्ट्रिज बसतं आणि एका वेळी 1 ते 60 युनिट लावता येतात. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या जातीची बहुतेक पेनं अशीच चालतात आणि मला जे सांगायचं आहे ते सगळ्यांनाच लागू पडेल.

आधी निकाल सांगते: घ्या. डॉक्टर हो म्हणत असतील तर नक्की घ्या. मात्र सिरिंजमध्ये आपली चूक डोळ्यांना दिसायची, ती पेनच्या पोटात लपते. ती कशी ओळखायची हे मला दोन वर्षांत, थोडं अंगावर बेतून, कळलं.

सिरिंज का सोडली ते सांगते. चाळिशी ओलांडली की सुईत दोरा ओवायला त्रास होतो, तसाच सिरिंजवरच्या बारीक रेघा मोजायला होतो. शिवाय 40 आणि 100 चा घोळ. काही बाटल्यांमध्ये एका मिलिलीटरला 40 युनिट इन्सुलिन असतं, काहींमध्ये 100, आणि दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. सहसा 40 च्या सिरिंजचं टोपण लाल असतं, 100 च्या सिरिंजचं केशरी. एकदा मला 100 च्या बाटलीबरोबर 40 च्या सिरिंज मिळाल्या होत्या. टोपणाच्या रंगावरून लक्षात आलं म्हणून बरं. त्या सिरिंजमध्ये मी नेहमीसारखी 16 ची रेघ धरली असती तर 40 युनिट अंगात गेली असती, बरोबर अडीचपट. पेनमध्ये हा प्रकार नाही. बटण फिरवायचं, खिडकीत 16 आकडा ठळक दिसतो, आणि जास्त फिरवलं तर उलटं फिरवून मागे आणता येतं. एका या गोष्टीसाठी मी पेनला पैकीच्या पैकी गुण देईन.

फक्त टकटक मोजून डोस लावू नका. बटण फिरवताना प्रत्येक युनिटला बारीक आवाज येतो. ज्यांना कमी दिसतं त्यांना तो मोजायचा मोह होतो, पण एखादा आवाज निसटतोच. आकडाच बघा, भिंग लागलं तर भिंग घ्या.

आता माझ्या चुकीबद्दल. पेन घेऊन तीन आठवडे झाले होते. सकाळी घाईत नवं कार्ट्रिज घातलं, सुई लावली, 16 लावले, टोचलं, बटण दाबलं. आकडा सरळ 0 वर आला. मला वाटलं झालं. दुपारी तोंड सुकायला लागलं, सारखं लघवीला जावं लागलं. मशीनवर बसवेना म्हणून शुगर बघितली तर 310. कार्ट्रिज काढून पाहिलं, ते जवळजवळ भरलेलं. पेनमधला दांडा कार्ट्रिजच्या रबरी बुचापर्यंत पोचलाच नव्हता, मधल्या पोकळीतच सगळं बटण संपलं होतं. सिरिंजमध्ये हे होऊच शकत नाही, कारण औषध जाताना दिसतं. पेनमध्ये 0 चा अर्थ बटण संपलं एवढाच, औषध गेलं असा नाही. त्या दुपारी राहिलेला डोस मी मनानं घेतला नाही. डॉक्टरांना फोन केला आणि ते सांगतील तसं केलं.

तेव्हापासून चाचणी चुकवत नाही. दर वेळी, नवी सुई लावल्यावर, 2 युनिट लावायची. पेन सुई वर करून उभं धरायचं, कार्ट्रिजला नखानं हलकी टिचकी मारायची म्हणजे बुडबुडा वर येतो, आणि बटण पूर्ण दाबायचं. सुईच्या टोकावर थेंब यायला हवा. मी पेन खिडकीच्या उजेडात धरते. आधी टोकाला नुसती चमक दिसते, मग ती फुगून मोहरीएवढी होते आणि सुईवरून खाली ओघळते. नाही आला थेंब तर पुन्हा 2 युनिट. नव्या कार्ट्रिजला तीन-चार वेळा करावं लागतं. तरीही नाही आला तर सुई बदलायची. औषध वाया जातं म्हणून आमची ताई आधी हे टाळायची. मी तिला सांगितलं, "अगं ताई, दोन युनिट वाचवायला जाशील आणि अख्खा डोस हुकेल."

ताईलाही मधुमेह आहे आणि तिचं पेनही अगदी माझ्यासारखंच. इन्सुलिन मात्र वेगळं. तिचं पाण्यासारखं स्वच्छ, दीर्घकाळ चालणारं, रात्री एकदाच. माझं मिश्र आणि दुधाळ, सकाळ-रात्र जेवणाआधी. दोन्ही पेनं एकाच रंगाची केली आहेत हा मला कंपनीचा मोठा दोष वाटतो. मी माझ्या पेनला लाल रेशमी दोरा गुंडाळून गाठ मारली आहे, अंधारात हाताला लागावी म्हणून. तिच्या पेनला दोरा नाही. एकदा तिचं पेन अडकलं तेव्हा तिनं माझं मागितलं, नवी सुई लावते म्हणाली. मी दिलं नाही. एक तर औषध वेगळं. दुसरं म्हणजे टोचल्यावर रक्ताचा किंवा अंगातल्या द्रवाचा अंश उलटा कार्ट्रिजमध्ये येऊ शकतो, डोळ्यांना दिसतही नाही. त्यामुळे सुई बदलली तरी पेन दोघांत वापरायचं नाही, सख्ख्या बहिणीतसुद्धा.

दुधाळ इन्सुलिनवाल्यांसाठी एक सांगते, कारण हे मला आधी कुणी धड दाखवलं नव्हतं. पेन रात्रभर पडून राहिलं की पांढरा साका तळाशी बसतो आणि वर स्वच्छ पाणी. तसंच घेतलं तर एका दिवशी नुसतं पाणी, दुसऱ्या दिवशी नुसता साका, असा डोस जातो. तळहातांत दहा वेळा फिरवायचं, मग दहा वेळा वर-खाली उलटं-सुलटं करायचं. माझ्या कार्ट्रिजमध्ये काचेचा एक मणी आहे, तो या टोकापासून त्या टोकापर्यंत घरंगळताना दिसला पाहिजे. जोरात हलवायचं नाही. सगळं एकसारखं दुधासारखं झालं की मगच टोचायचं. कार्ट्रिजमध्ये 12 युनिटपेक्षा कमी उरलं तर मण्याला फिरायला जागा राहत नाही म्हणून माझ्या पत्रकात ते वापरू नका असं लिहिलं आहे. ताईचं उलट: स्वच्छ इन्सुलिन गढूळ दिसलं, तर ते टाकायचं.

सुया वेगळ्या घ्याव्या लागतात. मी 4 मिलिमीटरच्या वापरते. आधी सिरिंजच्या लांब सुया पाहिल्यामुळे एवढीशी सुई आत काय पोचणार असं वाटलं होतं, पण माणसाची कातडी जाड असो वा बारीक, साधारण दोन-अडीच मिलिमीटरचीच असते. त्याखालच्या चरबीत पोचायला 4 पुरते. सरळ, 90 अंशात टोचायची, बहुतेक मोठ्या माणसांना चिमटीत कातडी धरायचीही गरज पडत नाही. लांब सुई स्नायूत गेली तर इन्सुलिन भलतंच लवकर उतरू शकतं. सुईला दोन टोपणं असतात, बाहेरचं मोठं आणि आतलं बारीक. नवख्या माणसाला आतलं टोपण दाखवून काढायला लावा. ते तसंच ठेवून अंगावर दाबलं तर टोचल्यासारखं वाटतं आणि औषध बाहेरच सांडतं.

एक सुई एकदाच. कापड शिवताना बोथट सुई लगेच कळते, धागे ओढते, टाका सोडते. मी ग्राहकाच्या कापडासाठी सुई बदलते, मग माझ्याच पोटाला जुनी का लावू? पूर्वी लोकांना हे सुख नव्हतं. 1922 मध्ये टोरांटोत पहिल्यांदा एका मुलाला इन्सुलिन दिलं गेलं, त्यानंतर कितीतरी वर्षं माणसं काचेची सिरिंज उकळून घ्यायची आणि तीच सुई दगडावर घासून धार लावायची. पेन आलं ते 1985 मध्ये, डेन्मार्कमधून. हे वाचल्यापासून एवढीशी सुई हातात घेताना मला त्या लोकांची आठवण येते.

टोचून झाल्यावर सुई पेनला लावून ठेवायची नाही. हवा आत शिरते, औषध गळतं, नळी बुजते. बाहेरचं टोपण जपून लावून फिरकीनं काढायची आणि जाड प्लॅस्टिकच्या, झाकणाच्या डब्यात टाकायची. उघडी सुई कचऱ्यात टाकू नका, कचरा उचलणाऱ्याच्या हाताला ती लागते.

बटण 0 वर आलं की लगेच सुई उपसायची नाही. दाबून धरून दहा मोजायचे. मी सुरुवातीला भराभरा मोजायची आणि सुई काढल्यावर कातडीवर थेंब दिसायचा. म्हणजे तेवढं औषध बाहेर. आता घड्याळाच्या काट्याकडे बघून मोजते. अंगठ्याचा सांधा दुखतो, हे खरं, आणि ज्यांना मोठे डोस असतात त्यांना लांब बाहेर आलेलं बटण दाबायला आणखी त्रास होईल. घेण्याआधी हातात धरून बघा.

गाठींबद्दल सविस्तर लिहिते. बेंबीच्या उजव्या बाजूला टोचलं की मला दुखत नव्हतं, म्हणून मी वर्षानुवर्षं तिथेच टोचत आले. पेन शिकवताना सिस्टरनी माझ्या पोटावरून बोटं फिरवली आणि माझाच हात तिथे नेला. अस्तराखाली कापूस गोळा झाल्यासारखं लागलं, लिंबाएवढं. एवढ्या वर्षांत कापडातली प्रत्येक गाठ बोटानं ओळखणाऱ्या मला स्वतःच्या पोटावरची कळली नव्हती, याचं मला फार वाईट वाटलं. त्या चरबीच्या गाठीत टोचलेलं इन्सुलिन कधी नीट उतरत नाही, कधी एकदम उतरतं. माझी शुगर का नाचते याचं उत्तर तिथे होतं.

सिस्टर म्हणाल्या, "ताई, आता जागा बदलाल तर तेच इन्सुलिन जास्त लागू पडेल. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका." डॉक्टरांनी डोस कमी करून दिला आणि काही दिवस जास्त वेळा शुगर बघायला सांगितलं. तरीही चौथ्या दिवशी फॉल लावताना टाके वाकडे पडायला लागले, कानामागे घाम आला, बोटं थरथरायला लागली. शुगर 62. सत्तरच्या खाली गेली की काम टाकून आधी ग्लुकोज घ्यायचं, 15 ग्रॅम, आणि 15 मिनिटांनी पुन्हा बघायचं. बघितली, 88 झाली होती. तेव्हापासून ग्लुकोजच्या गोळ्या मशीनच्या खणात बॉबिनशेजारी असतात. घरच्यांनाही सांगून ठेवलं आहे की मी शुद्धीत नसेन तर तोंडात काही घालू नका, घशात अडकेल. एका कुशीवर वळवा आणि ताबडतोब मदत बोलवा.

आता मी पोटाचे चार भाग केले आहेत, मांड्यांचे दोन. आठवड्याला भाग बदलते, आणि त्या भागात दर वेळी आधीच्या जागेपासून एक बोट सरकते. बेंबीपासून दोन बोटं दूर. महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी साबणाच्या हातानं सगळं चाचपते, ओल्या हाताला गाठ लवकर कळते.

साठवणीत फार अवघड काही नाही. न उघडलेली कार्ट्रिजेस फ्रिजमध्ये, 2 ते 8 अंशांत, बर्फाच्या कप्प्याला चिकटणार नाहीत अशी. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकायचं. चालू पेन बाहेर, 30 अंशांच्या आत, उन्हापासून लांब, माझ्या पत्रकाप्रमाणे 4 आठवडे. माझं कार्ट्रिज नऊ-दहा दिवसांत संपतं, पण ताईला रोज 8 युनिट आणि चाचणीची 2, म्हणजे 300 युनिट तीस दिवस पुरतात आणि तिची मुदत अठ्ठावीस दिवसांचीच आहे. शेवटचे दोन दिवस ती मुदत संपलेलं इन्सुलिन घेत होती. आता तिच्या कार्ट्रिजवर उघडल्याची तारीख मी चिकटपट्टीवर लिहून देते. काही इन्सुलिनची मुदत याहून जास्त असते, तुमच्या खोक्यातलं पत्रक बघा. त्या पत्रकाची अक्षरं मात्र इतकी बारीक आहेत की मधुमेहाच्या पेशंटनं ती कशी वाचायची, याचा कंपनीनं खरंच विचार करावा.

आणखी एक कमतरता: माझ्या पेनला आठवण नाही. शेवटचा डोस किती आणि कधी घेतला हे दाखवणारी पेनं मिळतात, पुढचं मी तसंच घेणार आहे. तोपर्यंत वही. टोचलं की लगेच वेळ आणि आकडा, पुढे पूर्ण शब्दात "युनिट". नुसतं इंग्रजी यू अक्षर घाईत शून्यासारखं दिसतं आणि 4 चे 40 वाचले जातात. वहीत नोंद नसेल आणि घेतलं की नाही आठवत नसेल, तर मी दुसऱ्यांदा टोचत नाही. शुगर बघते आणि डॉक्टरांना फोन करते.

पेन बिघडू शकतं, म्हणून मी एक जास्तीचं घेऊन ठेवलं आहे. दोरा त्यालाही लालच बांधला आहे.