‘सेव्ह ॲक्शन्स’ पुसट दिसलं आणि १३,१७९ रुपये गेले: स्टुडिओवाल्यांनो, वाचा

फोटोशॉपमधल्या ॲक्शन, म्हणजे एकदा रेकॉर्ड करून ठेवलेल्या आणि एका क्लिकवर पुन्हा चालणाऱ्या पायऱ्या, जुन्या कॉम्प्युटरवरून नव्यावर न्यायला एक पैसा लागत नाही. पुन्हा सांगतो, एक पैसा लागत नाही. माझे १३,१७९ रुपये गेले. आधी २,४९९, मग १,१८०, मग ९,५००. वर माझा स्वतः बसवलेला हळदीच्या ॲक्शनचा सेट गेला आणि तो आज कुणाच्या तरी ७९९ रुपयांच्या पॅकमध्ये विकला जातोय. माणसाचं नाव लिहीत नाही, तक्रार दिलेली आहे. पद्धत मात्र सगळी लिहितो, कारण लग्नसराईच्या तोंडावरच आपण कॉम्प्युटर बदलतो आणि हे लोक नेमके तेव्हाच टपून बसलेले असतात.

हळदीचा सेट म्हणजे काय ते अल्बम करणाऱ्यालाच कळेल. अंगाला हळद, मागे पिवळा पडदा, झेंडूच्या माळा, वर मांडवाच्या कापडातून येणारं ऊन. नवरीचा चेहरा कावीळ झाल्यासारखा येतो. सरळ पिवळा कमी करावा तर हळदच जाते आणि घरचे म्हणतात, हळद लावलेली दिसतच नाही. सिलेक्टिव्ह कलरमध्ये पिवळा आणि लाल किती ओढायचा, कुठे थांबायचं, हे मी किती हंगाम घासून बसवलं होतं. मध्ये एक ‘स्टॉप’ टाकला होता. तिथे ॲक्शन थांबते आणि आपण लिहिलेली सूचना पडद्यावर येते. माझ्या पोरांसाठी मी लिहिलं होतं, ‘मुंडावळ्यांचा पिवळा राहू दे, गाल आणि कपाळ घे.’ ही ओळ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नवा कॉम्प्युटर आला. जुन्यावर ॲक्शन पॅनेल उघडलं, कोपऱ्यातला मेन्यू काढला, तर ‘सेव्ह ॲक्शन्स’ पुसट. दाबलंच जाईना. सेट वर्षानुवर्षं पॅनेलमध्येच होते, मला स्वतः फाइल करायची वेळच आली नव्हती. फोनवर एक जाहिरात वारंवार येत होती, ‘जुन्या ॲक्शन नव्या व्हर्जनला कन्व्हर्ट करून मिळतील, सोबत ५००० ॲक्शनचा पॅक फ्री.’ फोन लावला. समोरचा अगदी मराठीत, अदबीने बोलणारा. मी काही सांगायच्या आधी त्यानेच विचारलं, “दादा, सेव्हचं ऑप्शन पुसट दिसतंय का? मग लॉक झालंय ते. जुन्या व्हर्जनला असंच होतं.”

इथे माझा विश्वास बसला. कुणाचाही बसला असता. आपल्या समोरच्या पडद्यावर जे दिसतंय ते त्याने न बघता सांगितलं. आता कारण ऐका. पॅनेलमध्ये एखादी ॲक्शन निवडलेली असेल तर ‘सेव्ह ॲक्शन्स’ पुसटच राहतं. तिच्या वरचा फोल्डर, म्हणजे सेट, निवडला की ते चालू होतं. लॉक नाही, लायसन्स नाही, काही नाही. पण हे पडद्यावर कुठे लिहून येत नाही, आणि शंभरातले बहुतेक लोक ॲक्शनवरच क्लिक करून मेन्यू उघडतात हे त्या चोराला पक्कं ठाऊक आहे. त्याचा सगळा धंदा त्या एका पुसट ओळीवर उभा आहे. रीळ धुण्याच्या काळापासून मी या धंद्यात आहे, अडाणी नाही. पण गाडी चालवणाऱ्याला इंजिन खोलता आलंच पाहिजे असं कुठे आहे?

२,४९९ रुपये भरले. मग म्हणाला, लायसन्स ॲक्टिव्हेशनचे १,०००, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१८०. जीएसटी घेतला आणि बिल मात्र आजतागायत नाही. जो जीएसटी मागतो त्याच्याकडे नंबरासकट बिल आधी मागा, पैसे नंतर.

मग त्याने जुना कॉम्प्युटर रिमोटला, म्हणजे इंटरनेटवरून आपल्या ताब्यात घेतला. आता जे लिहितोय ते लिहिताना आजही हात थरथरतो. काउंटरवर एका लग्नाची मंडळी फोटो निवडायला बसली होती, नवऱ्याचे काका प्रत्येक फोटोला मला हाक मारत होते. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला बाण फिरताना दिसत होता. बाण सेटच्या फोल्डरवर गेला, मेन्यू उघडला, आणि ‘सेव्ह ॲक्शन्स’ ठळक दिसलं. ठळक! जे दहा मिनिटांपूर्वी लॉक होतं ते त्याने काही न करता उघडलं होतं. एटीएन फाइल, म्हणजे सेट ज्यात जतन होतो ती फाइल, तयार झाली, रिमोटच्या खिडकीतून त्याच्याकडे गेली. ती फाइल केबीमध्ये असते, जायला डोळ्याचं पातं लवेपर्यंतचा वेळ. मग पुन्हा मेन्यू, आणि ‘क्लिअर ऑल ॲक्शन्स’. खात्री करणारा प्रश्न आला, त्याने ओके केलं. पॅनेल रिकामं. मी विचारलं, “अहो, हे काय?” तर म्हणाला, “कन्व्हर्जन चालू आहे दादा, फोटोशॉप एकदा बंद करून चालू करतो.”

त्या बंद करण्यातच सगळं होतं. पॅनेलमधल्या ॲक्शन ‘ॲक्शन्स पॅलेट’ नावाच्या पीएसपी फाइलमध्ये राहतात, ॲपडेटाच्या आत, रोमिंग, मग ॲडोबी, मग आपल्या व्हर्जनचा सेटिंग्जचा फोल्डर. फोटोशॉप नीट बंद केलं की ती फाइल नव्याने लिहिली जाते. पॅनेल रिकामं असेल तर रिकामीच लिहिली जाते. तुमच्या ॲक्शन कुणी उडवल्या किंवा चुकून उडाल्या तर फोटोशॉप बंद करू नका, आधी ही फाइल दुसरीकडे कॉपी करून ठेवा.

चालू झालं तर पॅनेलमध्ये एकही सेट नाही. आता त्याचा सूर बदलला. “सर, तुमचा डेटा करप्ट झालाय, आमच्याकडे बॅकअप आलाय, रिकव्हरी चार्ज ९,५००.” अल्बम अडकलेले, लोकांचे फोन चालू. भरले. तीन सेटपैकी दोन आले. हळदीच्या सेटसाठी आणखी ४,००० मागितले. ते मी दिले नाहीत. फोन बंद.

पुढे मराठवाड्यातल्या एका ओळखीच्या फोटोग्राफरचा फोन आला. “दादा, ७९९ ला एक वेडिंग पॅक घेतला, ॲक्शन मध्येच थांबते आणि मुंडावळ्यांचा पिवळा राहू दे म्हणते. हे तुमच्या बोलण्यासारखं वाटतंय.” मी त्याला पायऱ्या उघडून बघायला सांगितलं. लोगो बसवणाऱ्या ‘प्लेस’च्या पायरीत लोगोच्या फाइलचा पत्ता निघाला, डी ड्राइव्ह, माझ्या स्टुडिओचं नाव, लोगो. रेकॉर्ड करताना फाइलचा पत्ताही नोंदला जातो. चोराने तो काढायचीही तसदी घेतली नव्हती.

एवढा पुरावा हातात. मावसभावाने पूर्वी स्वतःच काढून नेलेली त्याच सेटची जुनी एटीएन फाइल मिळाली. कंट्रोल आणि ऑल्ट दाबून ठेवून ‘सेव्ह ॲक्शन्स’ केलं की सगळ्या पायऱ्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरतात. ती फाइल परत लोड होत नाही, पण छापता येते. माझी जुनी आणि त्याच्या पॅकमधली, दोन्ही छापली, सारख्या ओळींखाली लाल रेघ मारली आणि पोलीस ठाण्यात गेलो.

“हे सायबरचं आहे, जिल्ह्याला जा.” जिल्ह्याला गेलो, “आधी सायबर क्राइमच्या पोर्टलवर भरा, प्रिंट आणा.” पोर्टलवर भरलं, प्रिंट नेली, “रक्कम फार नाही, आणि पैसे तुम्हीच पाठवलेत ना?” मी कागद पुढे केले. साहेबांनी वरचं पान बघितलं. “फाइल चोरली म्हणता, पण फाइल परत आली ना?” दोन आल्या साहेब, तिसरी विकली जातेय. “मग तुम्ही नवीन बनवा.” हे ऐकून मी काय करावं? माझ्या दुकानातली कॅमेऱ्याची लेन्स कुणी नेली असती तर नवीन घ्या म्हणाले असते का? १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, तिथे विचारलं की पैसे जाऊन किती वेळ झाला. वेळ तर तुमच्याच दारोदार फिरण्यात गेला! बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलाय, आमची जबाबदारी येत नाही. लाभार्थीचं खातं गोठवा म्हटलं तर म्हणे पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणे बँकेला सांगा. प्रत्येक टेबलावर मीच आरोपी असल्यासारखे प्रश्न.

कायदा नाही असं नाही. परवानगीशिवाय कॉम्प्युटरमधला डेटा कॉपी करणं, उडवणं हे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये स्पष्ट आहे. फसवून किंवा लबाडीने केलं तर कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. आणि हद्द आमची नाही म्हणून दखलपात्र गुन्ह्याची खबर नाकारता येत नाही, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ तसंच सांगतं. हे कलमांसकट लेखी अर्जात लिहिलं आणि पोच मागितली, तेव्हा कुठे शिक्का मिळाला. तोंडी काही सांगत बसू नका. लेखी द्या, पोच घ्या. आणि १९३० ला ताबडतोब, ठाण्यात जायच्या आधी.

एटीएन फाइल नव्या व्हर्जनमध्ये लोड व्हायला कन्व्हर्जन लागत नाही. ‘लोड ॲक्शन्स’ करा किंवा फाइलवर डबल क्लिक करा, झालं. एखादी पायरी अडली तर ती बहुधा एखादं प्लगइन किंवा ब्रश नव्या कॉम्प्युटरवर नसल्यामुळे अडते, त्याला कुणी पैसे मागत असेल तर फोन ठेवा. ॲक्शनचा पॅक म्हणून ईएक्सई, म्हणजे प्रोग्रामची, फाइल येत असेल आणि अँटिव्हायरस बंद करा म्हणत असेल तर ती उघडूच नका. आजच पॅनेल उघडा, एकेक सेट निवडा, एटीएन करा, पेन ड्राइव्हवर एक आणि मेलवर एक.

आणि तुमच्यापैकी कुणी वेडिंग पॅक घेतला असेल आणि त्यात हळदीच्या ॲक्शनला मुंडावळ्यांची ती ओळ येत असेल, तर पॅक उडवू नका. मजकुराची फाइल काढा, पैसे दिल्याचा यूटीआर नंबर आणि विकणाऱ्याचा मोबाइल नंबर जपून ठेवा, आणि आपापल्या ठाण्यात तक्रार द्या. एकट्याच्या १३,१७९ रुपयांना ते फार नाही म्हणतात. दहा जिल्ह्यांतून एकाच नंबराविरुद्ध अर्ज गेले तर म्हणून दाखवू देत.