एल्मो एसटी-१२०० : नागोयात घडलेला सुपर ८ प्रोजेक्टर

घरातील जुन्या सुपर ८ (घरगुती चित्रणासाठीची ८ मिलिमीटर रुंदीची फिल्म) चित्रफिती पुन्हा पडद्यावर पाहायच्या असतील आणि त्यासाठी वापरलेला प्रोजेक्टर विकत घ्यायचा असेल, तर एल्मो या जपानी कंपनीचा एसटी-१२०० मी सर्वांत आधी सुचवेन. १९७०च्या दशकातील हा ध्वनियुक्त प्रोजेक्टर जड आहे, चालताना आवाज करतो आणि दिसायला एखाद्या कार्यशाळेतील यंत्रासारखा आहे. तरीही घरगुती चित्रणाकडे इतक्या गांभीर्याने पाहून बनवलेली यंत्रे फार थोडी आहेत, असे माझे मत आहे. त्यामागे कंपनीचा इतिहास आहे आणि तो जाणून घेतल्याशिवाय या यंत्राची घडण नीट कळत नाही.

एल्मोचे मूळ नागोया शहरात, १९२१मध्ये स्थापन झालेल्या साकाकी शोकाई या व्यापारी पेढीत आहे. कोडॅकने १६ मिलिमीटरची फिल्म १९२३मध्ये बाजारात आणली आणि पुढच्या चारच वर्षांत, १९२७मध्ये, या पेढीने जपानमध्ये घडवलेला पहिला १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर तयार केला. पुढे कंपनीने एल्मोफ्लेक्स नावाचे दोन भिंगांचे स्थिरचित्र कॅमेरेही काढले, पण निकॉन, कॅनन किंवा मिनोल्टा यांच्यासारखे नाव तिला त्या क्षेत्रात मिळाले नाही. या कंपन्या कॅमेऱ्याकडून चलचित्राकडे आल्या, तर एल्मोने सुरुवातच प्रोजेक्टरपासून केली. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. बहुतेक उत्पादकांच्या लेखी प्रोजेक्टर म्हणजे कॅमेऱ्याबरोबर विकायची जोडवस्तू होती; नागोयात मात्र प्रोजेक्टर हाच मुख्य व्यवसाय होता.

कोडॅकने १९६५मध्ये सुपर ८ आणली, तेव्हा फिल्मची रुंदी जुन्या ८ मिलिमीटरइतकीच राहिली, पण कडेची छिद्रे लहान केल्यामुळे चित्राचे क्षेत्रफळ सुमारे दीडपट झाले. त्याच वर्षी फुजीने सिंगल ८ काढली. तिची डबी वेगळी असली, तरी छिद्रे आणि चौकट (फिल्मवरील एका चित्राची जागा) सुपर ८प्रमाणेच असल्याने दोन्ही फिल्म एकाच प्रोजेक्टरवर चालतात. पण डब्या वेगळ्या असल्याने कॅमेरे मात्र वेगळे लागत आणि जपानी ग्राहक त्यामुळे दोन गटांत विभागला गेला. एल्मोने त्यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो : सी-३०० या कॅमेऱ्याचा मागचा भाग बदलता येत असे आणि एकाच कॅमेऱ्यात सुपर ८, सिंगल ८ आणि डबल ८ (म्हणजे जुनी ८ मिलिमीटर) या तिन्ही फिल्म वापरता येत असत.

आता एसटी-१२००कडे वळू. नावातील १२०० हा आकडा रिळाची लांबी फुटांत सांगतो. मीटरमध्ये ती सुमारे ३६० होते. कॅमेऱ्यातील सुपर ८ची नेहमीची डबी ५० फुटांची असते आणि सेकंदाला १८ चौकटींच्या गतीने ती ३ मिनिटे २० सेकंदांत संपते. म्हणजे अशा २४ फिती जोडून एका मोठ्या रिळावर चढवल्या, तर मध्ये न थांबता १ तास २० मिनिटे चित्रण पाहता येते. अनेक स्वस्त प्रोजेक्टरांवर एवढे मोठे रीळ बसतच नाही.

फिल्म घालण्याची रीत सोपी आहे, पण ती काळजीपूर्वक पाळावी लागते. फितीचे टोक यंत्रावरच दिलेल्या लहान कातरीत कापून त्याला ठरावीक आकार द्यायचा, मग ते वरच्या फटीत अलगद सरकवायचे. दातेरी चक्र ते पकडते आणि फीत गेटमधून (दिव्यासमोरची खिडकी), ध्वनी वाचणाऱ्या व नोंदणाऱ्या चुंबकीय हेडांवरून, मागच्या रिळापर्यंत आपोआप जाते. टोक चुरगळलेले असेल किंवा वेडेवाकडे कापलेले असेल, तर फीत मध्येच अडकून घड्या पडण्याचा धोका असतो. म्हणून मूळ चित्रण सुरू होण्यापूर्वी हातभर कोरी फीत जोडलेली असावी, आणि नवे यंत्र प्रथम टाकाऊ फितीवरच चालवून पाहावे, असा माझा आग्रह आहे.

या यंत्राची खरी ओळख त्याच्या ध्वनीत आहे. मूकपणे चित्रित केलेल्या फितीच्या कडेला चुंबकीय लेप लावून घेतला, की या प्रोजेक्टरवरच तिच्यावर निवेदन किंवा संगीत ध्वनिमुद्रित करता येते. पुढे, १९७३पासून, चित्रणाच्या वेळीच आवाज घेणारी फिल्म मिळू लागली. सुपर ८मध्ये आवाज चित्राच्या १८ चौकटी पुढे नोंदलेला असतो, कारण गेटमध्ये फीत थांबत थांबत सरकते आणि ध्वनीच्या हेडावरून मात्र ती अखंड, एकसारख्या गतीने जावी लागते. त्यामुळे अशी फीत कापून जोडताना चित्र जिथे तुटते, तिथे आवाज एक सेकंद अलीकडचा किंवा पलीकडचा राहतो. घरगुती रिळांत वाक्य अर्धवट तुटल्याचे जे जाणवते, त्यात पुष्कळदा यंत्राचा दोष नसतो.

एल्मोचा यानंतरचा जीएस-१२०० हा स्टिरिओ ध्वनीचा आणि २०० वॉटच्या हॅलोजन दिव्याचा प्रोजेक्टर अधिक प्रसिद्ध आहे, आणि मोठ्या पडद्यावरील त्याचा उजेड खरोखर उत्तम असतो. संग्राहक त्यासाठी भरपूर किंमत मोजतात. पण त्याचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक सर्किटांवर अवलंबून आहे आणि इतक्या वर्षांनी ती बिघडली, तर दुरुस्त करणारा माणूस शोधणे अवघड जाते. एसटी-१२००मध्ये बरेचसे काम पट्टे, चक्रे आणि कॅम (फिरताना दुसरा भाग ढकलणारी चकती) करतात. ते डोळ्यांना दिसतात आणि कसबी कारागिराला समजतात. घरच्या खोलीत दीड-दोन मीटर रुंदीच्या पडद्यासाठी त्याचा उजेड पुरतो. सभागृहाची गरज नसेल, तर मी साधे यंत्रच निवडेन.

घरगुती व्हिडिओ आल्यावर हा सारा व्यवसाय झपाट्याने कोसळला. बीटामॅक्स १९७५मध्ये आणि व्हीएचएस १९७६मध्ये जपानमध्येच जन्माला आले. प्रोजेक्टरच्या क्षेत्रातील मोठी ऑस्ट्रियन कंपनी ऑयमिग १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिवाळखोरीत निघाली. एल्मो तगून राहिली, कारण तिने स्लाइड व ओव्हरहेड प्रोजेक्टर, फिल्मचे व्हिडिओत रूपांतर करणारी टीआरव्ही-१६सारखी यंत्रे आणि नंतर वर्गात पुस्तकाचे पान मोठे करून दाखवणारे डॉक्युमेंट कॅमेरे बनवले. आज ती टेक्नो होरायझन या उद्योगसमूहाचा भाग आहे. शिक्षकाच्या टेबलावरील तो कॅमेरा आणि एसटी-१२०० यांच्यात मला नाते दिसते : दोन्हींचे काम एकच, जे लहान आहे ते सर्वांना एकत्र बसून पाहता येईल असे करणे.

परदेशी राहून आलेल्या काही मराठी कुटुंबांच्या माळ्यावर १९६०-७०च्या दशकांतील अशी रिळे अजून पडून असतात. त्यांच्यासाठी यंत्र घेताना काही गोष्टी आधी पाहाव्यात. जपानमधून आलेले यंत्र १०० व्होल्टचे असण्याची शक्यता असते. शिवाय त्या देशाच्या पूर्वेस वीज ५० हर्ट्झची आणि पश्चिमेस ६० हर्ट्झची आहे, त्यामुळे मागची पाटी वाचल्याशिवाय ते आपल्या २३० व्होल्टच्या जोडणीवर लावू नये. रबरी पट्टे वयोमानाने सैल किंवा चिकट होतात, तेव्हा नवे पट्टे आणि वंगण यांचा खर्च किमतीतच धरावा. गेट आणि ध्वनीचे हेड मऊ कापडाने स्वच्छ केल्याशिवाय मौल्यवान फीत कधीही चालवू नये. हे यंत्र सुपर ८साठी आहे. जुनी साधी ८ मिलिमीटर फीत त्यात घातली, तर छिद्रे फाटतील. आणि डबा उघडताच फितीला व्हिनेगरसारखा वास येत असेल, तर तिचा ॲसिटेटचा पाया (फितीचे मूळ प्लास्टिक) कुजू लागला आहे असे समजावे. अशी फीत प्रोजेक्टरवर न चढवता आधी जाणकाराकडून तिची डिजिटल प्रत करून घ्यावी.