आरएक्स 100 मातीसाठी बांधताना: रिबोअर की नवा ब्लॉक, ऑइल पंप की प्रीमिक्स

यामाहा आरएक्स 100 भारतात 1985 ते 1996 या काळात बनली. 98 सीसी, 50 मिमी बोअर, 50 मिमी स्ट्रोक, 11 अश्वशक्ती. हलकी गाडी आणि सोपं टू-स्ट्रोक इंजिन, म्हणून मातीच्या ट्रॅकसाठी गाडी तयार करायची म्हटलं की आधी हीच नजरेसमोर येते. घरच्या शेडमध्ये हे काम नक्की होतं. पण चार-पाच ठिकाणी दोन-दोन वाटा फुटतात आणि चुकीची वाट धरली तर इंजिन पहिल्याच महिन्यात जॅम होतं.

आमचं मत आधीच सांगून टाकतो: पैसे मर्यादित असतील तर ते पहिल्यांदा खालच्या भागावर, म्हणजे क्रँक (पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणारा दांडा), बेअरिंग आणि ऑइल सीलवर खर्च करा. बहुतेक जण नवा पिस्टन घालतात, वीस-पंचवीस वर्षांचे सील तसेच ठेवतात आणि मग पिस्टनला दोष देतात.

गाडी कोणती घ्यायची

मूळ टाकी, मूळ ब्लॉक (सिलिंडर) आणि चोख कागदपत्रं असलेली आरएक्स मातीसाठी कापू नका. ती मूळ रूपातच उभी करावी, तिची किंमतही त्यातच आहे. मातीसाठी टाकी-पॅनेल गेलेली, पण चासी सरळ असलेली गाडी बघा. आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर प्रत्यक्ष गाडीवर वाचून जुळवा. घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला नंबर दिसला तर तिथूनच परत फिरा. मडगार्ड, सायलेन्सर, हँडल बदललेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीपेक्षा वेगळे बदल करायला मनाई करतं. ट्रॅकची गाडी टेम्पोतूनच न्यायची, हे ठरवूनच कामाला लागा.

क्रँक: रॉड किट की तयार क्रँक

हेड आणि ब्लॉक काढून कॉनरॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) वर-खाली ओढून बघा. उभा खेळ अजिबात चालत नाही. बाजूला थोडा हलणारच, ते ठीक आहे. उभा खेळ लागला की बिग एंड, म्हणजे रॉडच्या खालच्या टोकाचं बेअरिंग, संपलं.

तयार क्रँक स्वस्त आणि झटपट मिळते, पण डुप्लिकेट असेल तर दोन्ही टोकं एका रेषेत असतीलच असं नाही. मूळ क्रँकचे पाट (दोन जड चकत्या) शाबूत असतील तर रॉड, पिन, बेअरिंग आणि वॉशरचं किट बसवून घेणं आम्हाला जास्त भरवशाचं वाटतं. हे काम घरी होत नाही. प्रेस, व्ही-ब्लॉक आणि डायल गेज असलेल्या लेथवाल्याकडेच द्या आणि डायलची सुई तुमच्यासमोर फिरवून घ्या. रनआउट, म्हणजे फिरताना क्रँकचं डगमगणं, 0.03 मिमीच्या आत हवं. त्याहून जास्त असेल तर नवी बेअरिंगही लवकर गुणगुणायला लागतात. बेअरिंग मागताना जुन्यावरचा पूर्ण नंबर द्या, शेवटचं क्लिअरन्सचं (आतल्या मोकळ्या फटीचं) चिन्ह असेल तर त्यासकट.

सील दोन्ही बाजूंचे बदला. क्लचच्या बाजूचा सील गेला तर गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं. पांढरा धूर थांबत नाही आणि ऑइलची पातळी उतरत जाते. हे डोळ्यांना तरी दिसतं. मॅग्नेटच्या बाजूचा सील गेला तर धूर येत नाही, बाहेरची हवा आत येते. मिश्रण पातळ होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त), इंजिन आयडलला आपोआप रेस होतं आणि लांब चढावर पिस्टन धरतो, म्हणजे ब्लॉकमध्ये अडकतो. हा सील जास्त घातक.

ब्लॉक: रिबोअर की नवा

आधी जुना पिस्टन वाचा. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला ओरखडे असतील तर इंजिन तापलं किंवा मिश्रण पातळ होतं. चार ठिकाणी सारखे उभे पट्टे असतील तर थंड इंजिनला घाईने रेस दिली किंवा क्लिअरन्स कमी होता. कार्बोरेटरच्या बाजूचा भाग घासून मळकट झाला असेल तर फिल्टरमधून धूळ आत गेली. कारण शोधलं नाही तर नवा ब्लॉकही त्याच वाटेने जाईल.

बोअर गेज नसेल तर नवी रिंग ब्लॉकमध्ये वरच्या टोकाला सरळ बसवून तिच्या तोंडातली फट फीलर गेजने मोजा, मग तीच रिंग खाली सरकवून पुन्हा मोजा. दोन फटींतला फरक भागिले 3.14 म्हणजे व्यासातला फरक. फट 0.30 मिमीने बदलली तर बोअर जवळपास 0.1 मिमी निमुळता झालाय, रिबोअर (भोक कापून थोडं मोठं करणं आणि मोठा पिस्टन घालणं) नक्की.

रिबोअरच्या पिस्टनच्या माथ्यावर 25, 50, 75 किंवा 100 असा आकडा ठोकलेला असतो, म्हणजे मूळ मापापेक्षा 0.25 ते 1 मिमी मोठा. त्यावरून आधी किती वेळा बोअर झालंय ते कळतं. मूळ ब्लॉक 75 पर्यंत असेल तर आमची शिफारस रिबोअरचीच. जुनी बिडाची स्लीव्ह (ब्लॉकच्या आतली नळी) तापून-थंड होऊन स्थिरावलेली असते आणि पोर्टची (वायू आत-बाहेर जाण्याच्या खिडक्यांची) उंची कारखान्यातली असते. स्वस्त डुप्लिकेट ब्लॉकमध्ये पोर्ट स्लीव्हशी जुळत नाहीत, कडा धारदार राहतात आणि रिंग त्यात अडकून तुटते. शेवटचा साइज संपला असेल किंवा फिन तुटल्या असतील तर मूळ ब्लॉकला नवी स्लीव्ह, आणि तीही शक्य नसेल तरच नवा ब्लॉक. साइज वाढवून ताकद वाढेल ही आशा मात्र सोडा: पूर्ण 1 मिमी वाढवला तरी इंजिन 98 चं 102 सीसी होतं.

पिस्टन आधी विकत घ्या आणि बोअरिंगवाल्याच्या हातात द्या. त्याने पिस्टन मोजून बोअर करायचा. क्लिअरन्स पिस्टनच्या पाकिटावर दिला असेल तो पाळा; या आकाराला साधारण 0.04 मिमीच्या आसपास असतो. रिंगची फट 0.15 ते 0.35 मिमी. होनिंगनंतर (बोअर आतून दगडाने घासून घेतल्यावर) पोर्टच्या कडा बारीक दगडाने अर्धा मिमी मोडून घ्या. मग ब्लॉक गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि ब्रशने धुवा. पेट्रोलने होनिंगची भुकटी निघत नाही, ती छिद्रांत बसून राहते. पांढरं फडकं आतून फिरवून पांढरंच बाहेर आलं की लगेच टू-टी ऑइलचा हात फिरवा, नाहीतर तासाभरात गंज धरतो. पिस्टनचा बाण एक्झॉस्टकडे, रिंगांची तोंडं पिनांवर, आणि पिस्टन पिनची सर्कलिप नवीच.

परदेशी मोटोक्रॉस गाडी हाताशी असेल तर हा हिशेब लागू नाही. तिच्या निकासिल लेप दिलेल्या ब्लॉकला रिबोअर होत नाही, नव्याने लेप द्यावा लागतो.

इंजिन जोडून झाल्यावर हवेची चाचणी

हे फार थोडे जण करतात, पण इंजिन वाचतं ते यामुळे. एक्झॉस्टच्या तोंडावर रबर आणि पट्टी आवळा, ऑइलची नळी जिथे शिरते ते तोंड बंद करा, प्लग लावलेला असू द्या आणि पिस्टन अगदी खाली ठेवा. कार्बोरेटरच्या रबरात बूच बसवून त्यातून ब्लड प्रेशर मोजायच्या काटेवाल्या यंत्राचा फुगा आणि काटा जोडा. रीडच्या (इंजिनच्या तोंडावरच्या एकमार्गी झडपेच्या) पाकळ्या आतच उघडतात, त्यामुळे हवा आत जाते आणि मॅनिफोल्डची गॅस्केटही तपासली जाते. काटा 300 वर न्या. हा दाब साधारण 0.4 बार होतो. मिनिटाला 50 हून जास्त उतरला तर गळती आहे. साबणाचं पाणी सगळ्या जोडांवर आणि मॅग्नेटमागच्या सीलवर लावा, बुडबुडे जागा दाखवतील.

ऑइल पंप की प्रीमिक्स

लांब उतार उतरायचे असतील तर पंप ठेवा. थ्रॉटल बंद, इंजिन वेगात: प्रीमिक्सच्या गाडीत (ऑइल आधीच पेट्रोलमध्ये मिसळलेलं) पेट्रोल फारसं येत नाही म्हणून ऑइलही फारसं येत नाही. पंप मात्र इंजिनच्या फेऱ्यांवर चालत असल्याने थोडं ऑइल देतच राहतो. फक्त त्याची केबल खुणेवर जुळवा आणि नळीतली हवा पूर्ण काढा.

निव्वळ ट्रॅकसाठी प्रीमिक्स बरं. जुना पंप बंद पडला तर कळत नाही, पिस्टन धरल्यावरच कळतं. जासो (जपानी मानक) एफसी किंवा एफडी दर्जाचं ऑइल लिटरमागे 30 मिली, म्हणजे 33 ला 1. हे माप डब्यावर मार्करने लिहून ठेवा. पंप ठेवला असेल तरी बांधल्यानंतरच्या पहिल्या टाकीत लिटरमागे 20 मिली वेगळं घाला. मिसळलेलं पेट्रोल आठवडेच्या आठवडे साठवू नका: इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

कार्बोरेटर आणि फिल्टर

मूळ मिकुनी मिळत असेल तर तोच धुऊन, नवी सुई आणि वॉशर घालून लावा. स्वस्त नकलांचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची नळी) आकड्याप्रमाणे नसतात. मूळ एअर बॉक्स काढून उघडा फिल्टर लावू नका, मिश्रण पातळ होतं आणि धूळ वाढते. ऑइल लावलेला फोम मूळ डब्यातच बसवा.

20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या जेटिंगवर मिश्रण आणखी पातळ करतं, म्हणून मेन जेट एक नंबर मोठा लावून सुरुवात करा. पहिल्या दिवशी दहा मिनिटं चालवून पूर्ण थंड होऊ द्या, असं तीनदा. हेडचे नट थंड इंजिनवर पुन्हा तपासा. मग सपाट जागी तिसऱ्या गिअरमध्ये थोडा वेळ पूर्ण थ्रॉटल द्या, तसाच क्लच दाबून इंजिन बंद करा आणि प्लग काढून बघा. पोर्सेलिन चॉकलेटी असेल तर जेट बरोबर, पांढरं असेल तर त्याच जागी थांबून आणखी मोठा जेट घाला. त्या गाडीवरून घरी चालवत जायचं नाही.